गणिती सिद्धता लिहायला कशी शिकायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठवी-नववीपासून बीएस्सीपर्यंतचे विद्यार्थी, ऑलिम्पियाडच्या तयारीला लागलेली मुलं आणि त्यांचे पालक तर्क आणि सिद्धतेबद्दल जे प्रश्न सतत विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. क्रमानेच वाचायला हवेत असं नाही, अडलेला प्रश्न गाठा. पण कागद-पेन जवळ असू द्या, कारण काही उत्तरं नुसती वाचून पचणारी नाहीत.

वीस-पंचवीस उदाहरणं करून पाहिली, सगळीकडे नियम जुळला. मग सिद्धतेची गरज काय?

कारण नियम चाळीस वेळा जुळतो आणि एकेचाळिसाव्या वेळी मोडतो. न² + न + ४१ ही राशी घ्या. न च्या जागी ० ठेवला तर ४१ मिळतात, १ ठेवला तर ४३, पुढे ४७, ५३, ६१... सगळ्या मूळ संख्या. ३९ पर्यंत एकही अपवाद नाही. ४० ठेवला की ४० × ४० + ४० + ४१ होतात, म्हणजे ४१ × ४१, म्हणजे १६८१. ही मूळ संख्या नाही.

दुसरं उदाहरण हाताने करून बघा. वर्तुळावर काही बिंदू घ्या, प्रत्येक दोन बिंदू रेषाखंडाने जोडा आणि वर्तुळाचे किती भाग झाले ते मोजा. आत तीन रेषाखंड एकाच बिंदूत छेदणार नाहीत एवढी काळजी घ्या. एका बिंदूला १ भाग, मग २, ४, ८, १६. सहा बिंदूंना ३२ येणार अशी मुलांची खात्री असते. येतात ३१.

यात मोठे गणितज्ञही फसले आहेत. ३, ५, १७, २५७, ६५५३७ या २ च्या विशिष्ट घातांत १ मिळवून येणाऱ्या संख्या मूळ आहेत. पुढच्याही सगळ्या तशाच असतील असं फर्माला वाटत होतं. १७३२ मध्ये ऑयलरने दाखवलं की लगेच पुढची संख्या, ४२९४९६७२९७, ही ६४१ × ६७००४१७ आहे.

सिद्धतेचा आणखी एक उपयोग मला जास्त मोलाचा वाटतो. ती नियम खरा आहे एवढंच सांगत नाही, तो *का* खरा आहे हे दाखवते. ते कळलं की नियम विसरला तरी पुन्हा उभा करता येतो.

दहावीपर्यंत भूमितीत सिद्धता लिहिल्याच आहेत. त्याहून वेगळं काय शिकायचं?

पक्ष, साध्य, सिद्धता ही शाळेतली मांडणी उत्तम आहे. काय दिलंय आणि काय दाखवायचंय हे आधी वेगळं लिहायचं, आणि प्रत्येक विधानासमोर कारण द्यायचं, ही सवय एमएस्सीलाही उपयोगी पडते. ती सोडू नका.

अडचण पाठांतराची आहे. पायथागोरसचं प्रमेय परीक्षेला येणार म्हणून घोकलं जातं, आणि आकृतीतली अक्षरं बदलली की हात थांबतो. 'कृती पूर्ण करा' या प्रकारात तर सगळा मार्ग आधीच आखलेला असतो, विद्यार्थी फक्त चौकटी भरतो. चौकटी भरता येणं म्हणजे सिद्धता लिहिता येणं नव्हे, हे माझं ठाम मत आहे. वाक्य कुठून सुरू करायचं, पुढचं पाऊल कुठे टाकायचं हा निर्णय घेण्यातच सगळं शिक्षण असतं, आणि चौकट नेमका तोच निर्णय काढून घेते.

यावर एक साधा उपाय आहे. पुस्तकातली सिद्धता नीट वाचा, पुस्तक मिटा, आणि दुसऱ्या दिवशी फक्त पक्ष आणि साध्य घेऊन, आकृतीची अक्षरं बदलून, स्वतः लिहा. जिथे अडाल तिथेच त्या सिद्धतेची मुख्य कल्पना असते. पायथागोरसच्या शालेय सिद्धतेत ती एकच आहे: काटकोनाच्या शिरोबिंदूतून कर्णावर लंब टाकणं. तो टाकला की समरूप त्रिकोण समोर दिसतात आणि बाकीचं गुणोत्तरांवर निभावतं.

आधी सगळं तर्कशास्त्र शिकावं लागतं का? सत्यता कोष्टकं वगैरे?

नाही. बारावीच्या पुस्तकात 'मॅथेमॅटिकल लॉजिक' हे प्रकरण असतं. ते जरूर करा, पण सत्यता कोष्टकं भरून कोणी सिद्धता लिहायला शिकत नाही. रोजच्या कामाला मोजक्या गोष्टी लागतात, त्या मात्र पक्क्या हव्यात. 'जर-तर' म्हणजे नेमकं काय, त्याचा व्यत्यास (म्हणजे 'जर' आणि 'तर' यांची अदलाबदल) वेगळा का, विधान नाकारायचं कसं, आणि 'प्रत्येक' व 'असा एक तरी' यांतला फरक काय.

'जर-तर' किती निसरडं आहे हे बघायला पीटर वॉसन या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये मांडलेलं कोडं घ्या. इथे ते आपल्या अक्षरांत देतो. टेबलावर चार कार्डं आहेत. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर आणि दुसऱ्या बाजूला अंक. तुम्हाला दिसतंय: अ, क, ४, ७. नियम असा सांगितलाय: कार्डाच्या एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम अंक असतो. हा नियम या चार कार्डांपुरता खरा आहे की नाही हे ठरवायला कोणती कार्डं उलटावीच लागतील?

थांबा आणि ठरवा.

बहुतेक जण अ आणि ४ म्हणतात. बरोबर उत्तर अ आणि ७. ४ च्या मागे व्यंजन निघालं तरी नियम मोडत नाही, कारण व्यंजनांबद्दल नियम काहीच बोललेला नाही. ७ च्या मागे मात्र स्वर निघाला तर नियम खोटा. ४ उलटणारा माणूस नकळत व्यत्यास तपासत असतो: 'सम असेल तर स्वर'. ७ उलटणारा तपासतो 'सम नसेल तर स्वर नाही'. मूळ विधानाशी अगदी एकरूप असलेल्या या विधानाला कॉन्ट्रापॉझिटिव्ह म्हणतात. व्यत्यास वेगळा, कॉन्ट्रापॉझिटिव्ह तेच. ही गोष्ट एकदा अंगवळणी पडली की अर्ध्या चुका आपोआप थांबतात.

विधान नाकारताना नेहमी गोंधळ होतो. काही युक्ती आहे का?

गोंधळाचं एक कारण आपल्या बोलण्यातच आहे. 'सगळी मुलं आली नाहीत' या वाक्यातून एकही मूल आलं नाही असाही अर्थ निघतो आणि काही आली, काही नाहीत असाही. बोलताना संदर्भाने भागून जातं, गणितात नाही. म्हणून नाकारताना वाक्य नव्याने रचा. 'प्रत्येक मूळ संख्या विषम असते' याचा नकार 'एकही मूळ संख्या विषम नसते' असा नाही. तो आहे 'विषम नसलेली एक तरी मूळ संख्या आहे'. आणि ती आहे: २. 'प्रत्येक' नाकारला की 'असा एक तरी' येतो, 'असा एक तरी' नाकारला की 'प्रत्येक' येतो.

'जर-तर'चा नकार तर बहुतेकांचा चुकतो. 'पहिलं खरं असेल तर दुसरं खरं' याचा नकार म्हणजे 'पहिलं खरं आहे आणि तरीही दुसरं खोटं आहे'. त्यात 'जर' उरत नाही.

आणि गणितातला 'किंवा' दोन्ही खरं असण्याला जागा ठेवतो. 'अ × ब शून्य असेल तर अ शून्य किंवा ब शून्य', इथे दोन्ही शून्य असले तरी विधान खरंच.

एक पूर्ण सिद्धता लिहून दाखवा. विचार कसा केला तेही सांगा.

विधान घेऊ: कोणत्याही विषम संख्येच्या वर्गातून १ वजा केला तर येणाऱ्या संख्येला ८ ने निःशेष भाग जातो.

आधी कच्चं काम. ३ चा वर्ग ९, वजा १, उरले ८. ५ साठी २४. ७ साठी ४८. ९ साठी ८०. आठने भागून बघू: १, ३, ६, १०. या त्रिकोणी संख्या आहेत! त्रिकोणी संख्या म्हणजे दोन लागोपाठच्या संख्यांच्या गुणाकाराची निम्मी. म्हणजे कुठेतरी लागोपाठच्या दोन संख्यांचा गुणाकार निघायला हवा. विषम संख्या २क + १ अशी लिहून वर्ग केला तर ४क² + ४क + १. वजा १ केला की ४क(क + १). मिळाला.

आता पक्क्या वहीत:

समजा न ही विषम पूर्णांक संख्या आहे. म्हणून न = २क + १, जिथे क हा पूर्णांक आहे. त्यामुळे न² − १ = ४क² + ४क = ४क(क + १). क आणि क + १ या लागोपाठच्या संख्या असल्याने त्यांतली एक सम आहे. म्हणून त्यांचा गुणाकार सम आहे, म्हणजे क(क + १) = २म, जिथे म हा पूर्णांक आहे. म्हणून न² − १ = ८म. म्हणजेच न² − १ ला ८ ने निःशेष भाग जातो.

कच्च्या कामातली उदाहरणं आणि त्रिकोणी संख्यांचा शोध यांतलं काहीच पक्क्या सिद्धतेत आलं नाही. वाचणाऱ्याला तुमचा प्रवास नको असतो, त्याला प्रत्येक पायरीवर 'हे का?' याचं उत्तर हवं असतं. पण प्रवास केल्याशिवाय पक्की सिद्धता हातात येत नाही. पुस्तकं फक्त पक्कं छापतात, म्हणून मुलांना वाटतं की गणितज्ञांना हे एकदम सुचतं. कच्चं काम पुसू नका, फाडून टाकू नका. वर्गात कोणी फळ्यावर कच्चं काम करून दाखवत असेल तर तो तास चुकवू नका.

माझ्या सिद्धतेचे गुण कापले जातात, पण चूक कळत नाही. सर्रास आढळणाऱ्या चुका कोणत्या?

पहिली, एकच अक्षर दोन कामांना वापरणं. 'दोन विषम संख्यांची बेरीज सम असते' हे सिद्ध करताना दोन्ही संख्या २क + १ घेतल्या जातात. बेरीज ४क + २ येते, ती सम आहे, सगळं छान दिसतं. पण यात दोन्ही संख्या सारख्याच धरल्या गेल्या. या 'सिद्धते'वर विश्वास ठेवला तर दोन विषम संख्यांच्या बेरजेला ४ ने कधीच भाग जाणार नाही, आणि ३ + ५ तर ८ आहेत. दुसऱ्या संख्येला वेगळं अक्षर द्या, २ख + १.

दुसरी, साध्यापासून सुरुवात करून काहीतरी खरं येईपर्यंत खाली जाणं. −१ = १ लिहा, दोन्ही बाजूंचा वर्ग करा, १ = १ आलं, म्हणून −१ = १ 'सिद्ध'? साध्यावरून खरं विधान निघालं याने साध्य खरं ठरत नाही. हा पुन्हा व्यत्यासाचाच घोटाळा आहे. कच्च्या कामात साध्यापासून उलटं जायला हरकत नाही, बऱ्याचदा तसंच सुचतं. पण पक्कं लिहिताना पक्षापासून सुरू करा आणि प्रत्येक पायरी उलट दिशेने चालते का ते तपासा.

तिसरी, शब्दच नसणं. नुसती समीकरणं एकाखाली एक. 'समजा', 'म्हणून', 'कारण', 'जिथे क हा पूर्णांक आहे' हे शब्द सजावट नाहीत. ते काढले तर कोणतं विधान धरलंय आणि कोणतं मिळवलंय हे तपासणाऱ्याला कळायला मार्ग नाही.

कोऱ्या कागदासमोर बसलं की काहीच सुचत नाही. सुरुवात कुठून करावी?

लहान उदाहरणांपासून, आणि प्रश्न छोटा करण्यापासून. हे सविस्तर बघू, कारण इथेच बहुतेक जण सोडून देतात.

देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर यांनी १९४९ मध्ये जाहीर केलेली गोष्ट घ्या. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहून मोठी संख्या करा, चढत्या क्रमाने लिहून लहान, आणि वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७. मग ८७३० − ०३७८ = ८३५२. मग ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे ६१७४ च येत राहते. विधान असं: कुठूनही सुरुवात करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. उत्तर चारपेक्षा कमी अंकी आलं तर पुढे शून्य लावून चार अंक करायचे.

हे सिद्ध कसं करणार? पुढे शून्य असलेल्या धरून सुरुवातीच्या संख्या ९९९० होतात. सगळ्या तपासणं हाही मार्ग वैध आहे, पण हाताने शक्य नाही. म्हणून विचारू या: वजाबाकीचं उत्तर नेमकं कशावर अवलंबून आहे? उतरत्या क्रमाने अंक अ, ब, क, ड धरा. मोठी संख्या १०००अ + १००ब + १०क + ड, लहान १०००ड + १००क + १०ब + अ. वजा केल्यावर ९९९(अ − ड) + ९०(ब − क).

इथे जरा थांबा, कारण सगळी मेख इथे आहे. उत्तर चार अंकांवर अवलंबून नाही, फक्त दोन फरकांवर आहे. अ − ड हा १ ते ९ यांपैकी काहीही असू शकतो. चारही अंक सारखे नाहीत म्हणून तो शून्य नाही. ब आणि क हे अ आणि ड यांच्या मध्ये आहेत, म्हणून ब − क हा ० पासून अ − ड पर्यंतच. जोड्या मोजा: २ + ३ + ... + १० = ५४. ९९९० वरून ५४ वर आलो. त्यांतही १९९८ आणि ८९९१ यांच्यासारख्या काही संख्यांचे अंक तेच आहेत, त्यामुळे काम आणखी घटतं. उरलेलं एका दुपारचं काम आहे, करून बघा.

एक शंका मात्र आधी मिटवायला हवी. मध्येच एखादं उत्तर चारही अंक सारखे असलेलं आलं तर? मग पुढे ० येऊन सगळं अडेल. पण ९९९ आणि ९० या दोन्हींना ९ ने भाग जातो, म्हणून प्रत्येक उत्तराला ९ ने भाग जातो. ११११, २२२२ अशा संख्यांपैकी ९ ने भाग जाणारी फक्त ९९९९. आणि आपलं उत्तर जास्तीत जास्त ९९९ × ९ + ९० × ९ = ९८०१. ते शून्यही नाही, कारण अ − ड किमान १ आहे. शंका मिटली. अशी शंका स्वतःला सुचणं हे तर्क पक्का होत असल्याचं लक्षण आहे.

थेट सिद्धता, कॉन्ट्रापॉझिटिव्ह, अप्रत्यक्ष सिद्धता: कोणती कधी वापरायची?

आधी थेट करून बघा. पक्षातून हाताला काहीच लागत नसेल आणि साध्याचा नकार जास्त बोलका असेल, तर कॉन्ट्रापॉझिटिव्ह. 'न² सम असेल तर न सम असतो' यात न² बद्दलच्या माहितीवरून न कडे जाणं अवघड जातं. 'न विषम असेल तर न² विषम' हे मात्र एका ओळीत होतं.

अप्रत्यक्ष सिद्धता, म्हणजे साध्य खोटं धरून विसंगती गाठणं, 'हे शक्यच नाही' अशा विधानांना शोभते. √२ अपरिमेय आहे याची सिद्धता तशीच. तिची सवय मात्र जडते. मुलं साध्य खोटं धरतात, मग थेट सिद्धताच लिहितात आणि शेवटी 'विसंगती' म्हणतात. धरलेल्या गोष्टीचा मधे कुठेच उपयोग झाला नसेल तर ती धरायची गरज नव्हती.

मूळ संख्या अनंत आहेत ही युक्लिडची सिद्धता याच कारणाने बिघडवून लिहिली जाते. इसवीसनापूर्वी ३०० च्या सुमाराची ही मांडणी सरळ आहे. मूळ संख्यांची कोणतीही सांत यादी घ्या. सगळ्यांचा गुणाकार करून १ मिळवा. यादीतल्या कोणत्याही संख्येने भागलं तर बाकी १ उरते, म्हणून आलेल्या संख्येचा कोणताही मूळ अवयव यादीबाहेरचा आहे. पुष्कळजण इथे 'गुणाकार अधिक १ ही मूळ संख्या असते' असं लिहितात. ते खोटं आहे: २ × ३ × ५ × ७ × ११ × १३ + १ = ३००३१ = ५९ × ५०९. नवी मूळ संख्या मिळते, पण ती त्या बेरजेची *अवयव* असते.

गणिती विगमनात जे सिद्ध करायचं तेच आपण धरून चालतो. हे चालतं कसं?

हा प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याचं मला कौतुक वाटतं, कारण बाकीचे न समजता पायऱ्या उतरवत असतात. आपण विधान *सगळ्या* संख्यांसाठी धरत नाही. एका कोणत्यातरी क साठी ते खरं *असेल तर* क + १ साठीही खरं असेल, एवढं 'जर-तर' सिद्ध करतो. ते क साठी खरं आहे असा दावा तिथे नाही. खरेपणा पहिल्या पायरीतून येतो: १ साठी खरं, म्हणून २ साठी, म्हणून ३ साठी.

१ + ३ + ५ + ... + (२न − १) = न² घ्या. न = १ साठी १ = १. क साठी खरं असेल तर पुढची विषम संख्या २क + १ मिळवा: क² + २क + १ = (क + १)². झालं.

'जर-तर' खरोखर *प्रत्येक* क साठी चालतं का हे तपासा. 'सगळे घोडे एकाच रंगाचे' ही जुनी फसवी सिद्धता याचमुळे फसवते. एक घोडा एकाच रंगाचा. आता क घोड्यांच्या कोणत्याही गटात रंग एकच असतो असं धरा. क + १ घोड्यांतून पहिला वगळला तर उरलेले एका रंगाचे, शेवटचा वगळला तर उरलेले एका रंगाचे, आणि दोन्ही गटांत मधले घोडे समान, म्हणून सगळे एका रंगाचे. क = १ ठेवून बघा: दोन घोडे, आणि 'मधले' कोणीच नाहीत. एकच पायरी निसटली आणि सगळं कोसळलं.

उदाहरण देऊन सिद्ध केलं तर चालेल का?

'असा एक तरी आहे' हे दाखवायला चालेल. 'प्रत्येक' असलेलं विधान खोटं पाडायलाही चालेल, एक प्रतिउदाहरण पुरतं. 'प्रत्येक' असलेलं विधान खरं ठरवायला नाही. ४ आणि त्यापुढची प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज आहे, हे गोल्डबाखचं १७४२ मधलं अनुमान संगणकाने प्रचंड मोठ्या संख्यांपर्यंत तपासलं आहे, एकही अपवाद सापडलेला नाही. तरीही ते अजून अनुमानच आहे.

'हे स्पष्टच आहे' असं कधी लिहावं?

समोरच्याने 'का?' विचारलं तर तिथल्या तिथे दोन ओळींत सांगता येत असेल तेव्हाच. सांगता येत नसेल तर चूक बहुधा तिथेच दडलेली असते. शेजारचे प्रदेश वेगळ्या रंगांत ठेवून नकाशा रंगवायला चार रंग पुरतात याची सिद्धता केंपने १८७९ मध्ये दिली. ती ११ वर्षं बरोबर मानली गेली, आणि १८९० मध्ये हीवूडने त्यातली त्रुटी दाखवली. पुढे १९७६ मध्ये ॲपेल आणि हाकेन यांनी संगणकाच्या मदतीने प्रमेय सिद्ध केलं.

मराठीतून सिद्धता लिहिली तर चालते का? आणि भारतात सिद्धतेची परंपराच नव्हती म्हणतात, ते खरं का?

विचार ज्या भाषेत स्वच्छ होतो त्या भाषेत आधी लिहा. मराठी माध्यमातून आलेली मुलं अकरावीला इंग्रजीच्या धास्तीने शब्दच गाळतात आणि नुसती समीकरणं उरतात. त्यापेक्षा आधी मराठीत पूर्ण वाक्यांत लिहा, मग हवं तर इंग्रजीत उतरवा. सिद्धतेला लागणारे जोडशब्द मोजकेच असतात, ते लवकर हाताखाली येतात.

परंपरेबद्दल बोलायचं तर, भास्कराचार्यांच्या 'लीलावती'वर गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये 'बुद्धिविलासिनी' टीका लिहिली आणि तीत नियमांच्या उपपत्ती, म्हणजे ते का खरे आहेत याची कारणं, दिल्या. केरळात ज्येष्ठदेवांनी १५३० च्या सुमारास 'युक्तिभाषा' लिहिली. वर्तुळाच्या परिघाच्या अनंत श्रेणी तीत कारणांसह मांडल्या आहेत, आणि त्याही संस्कृतात नव्हे, मलयाळममध्ये. मांडणी युक्लिडसारखी गृहीतकांवरून सुरू होणारी नाही, पण 'हे का?' याचं उत्तर देण्याची ओढ तीच आहे.

कुठे शिकायला मिळेल?

शालेय मुलांसाठी ऑलिम्पियाडची वाट सर्वांत चांगली, निवड होवो न होवो. मुंबईत मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र या परीक्षांचं काम बघतं आणि जुन्या प्रश्नपत्रिका सहज मिळतात. पुण्यात श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये स्थापन केलेलं भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये दोन दिवसांत सहा प्रश्न असतात, रोज साडेचार तास, प्रत्येक प्रश्नाला ७ गुण. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी दीड तास. तीन मिनिटांत एक प्रश्न उरकायची सवय झालेल्या मुलांनी हे आकडे लक्षात घ्यावेत. बीएस्सी-एमएस्सीच्या विद्यार्थ्यांसाठी १९९३ पासून चालणारी एमटीटीएस (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) उन्हाळी शिबिरं आहेत. तिथे व्याख्यान ऐकण्यापेक्षा फळ्यावर उभं राहून उत्तरं देण्यावर भर असतो.

एआयकडून सिद्धता लिहून घेतली तर?

तुम्ही लिहिलेली सिद्धता त्याला तपासायला सांगा, त्यातून शिकायला मिळेल. त्याने लिहिलेली वाचून 'समजलं' म्हणणं हे पाठांतराच्याच वळणाने जाणं आहे. शिवाय ते चुकीची पायरीही खात्रीच्या सुरात लिहू शकतं, आणि ती पकडायला तुम्हालाच तर्क यायला हवा. संगणकाची मदत घ्यायची असेल तर 'लीन' बघा. २०१३ पासून विकसित होत असलेली ही प्रणाली प्रत्येक पायरी यांत्रिकपणे तपासते आणि कारण अपुरं असेल तर पुढे जाऊ देत नाही.

तपासायला कोणी नसेल तर आपली सिद्धता आपणच कशी तपासावी?

लिहून एक रात्र जाऊ द्या. मग पक्षातली प्रत्येक अट कुठे वापरली ते शोधा. एखादी अट कुठेच वापरली गेली नसेल तर एक तर ती अनावश्यक आहे किंवा सिद्धतेत खोट आहे, आणि बहुतेकदा दुसरंच असतं.

सर्वांत परिणामकारक तपासणी वेगळी आहे: हीच सिद्धता जिथे *फसायला हवी* तिथे लावून बघा. √२ अपरिमेय असल्याची सिद्धता अशी जाते. समजा √२ = अ/ब, अ आणि ब यांना १ शिवाय सामाईक विभाजक नाही. म्हणून अ² = २ब², म्हणून अ² ला २ ने भाग जातो, म्हणून अ ला २ ने भाग जातो, अ = २क. मग ४क² = २ब², ब² = २क², म्हणून ब लाही २ ने भाग जातो. विसंगती. आता २ च्या जागी ४ ठेवा. √४ तर २ आहे, सिद्धता कुठेतरी मोडायलाच हवी. 'अ² ला ४ ने भाग जातो, म्हणून अ ला ४ ने भाग जातो' इथे ती मोडते: ६² = ३६ ला ४ ने भाग जातो, ६ ला जात नाही. म्हणजे मूळ सिद्धतेचा सगळा भार 'अ² ला २ ने भाग जातो म्हणून अ ला जातो' या एका पायरीवर आहे, आणि तिचं कारण लिहिलंच पाहिजे. तुमच्या सिद्धतेत ही मोडणारी जागा सापडत नसेल, तर ती √४ लाही अपरिमेय ठरवते आहे.

सरावाला काही प्रश्न द्याल का?

तीन लागोपाठच्या संख्यांच्या गुणाकाराला ६ ने भाग जातो हे दाखवा. मग वरच्या सिद्धतेचा आधार घेऊन ३ पेक्षा मोठ्या कोणत्याही मूळ संख्येच्या वर्गातून १ वजा केला तर २४ ने भाग जातो हे दाखवा. √३ अपरिमेय आहे हे न बघता लिहा. बाजू २ असलेल्या चौरसात कसेही पाच बिंदू घेतले तरी कोणत्यातरी दोघांतलं अंतर √२ किंवा कमी असतं. बुद्धिबळाच्या पटाची तिरक्या समोरासमोरच्या (कर्णाच्या दोन टोकांच्या) कोपऱ्यांतली दोन घरं कापली, तर उरलेली ६२ घरं दोन-दोन घरं व्यापणाऱ्या ३१ सोंगट्यांनी झाकता येतील का? आणि ही दोन विधानं खरी की खोटी हे आधी स्वतः ठरवा, मगच सिद्धता किंवा प्रतिउदाहरण शोधा: दोन अपरिमेय संख्यांची बेरीज नेहमी अपरिमेय असते, आणि एकही मूळ संख्या नसलेल्या लागोपाठच्या शंभर नैसर्गिक संख्या कुठेतरी सापडतात.